संगीताचा तास मोडू नका : मराठवाड्यातील शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
मराठवाड्यातील आठही जिल्हा परिषदा

विषय : शाळांमधील संगीत शिक्षण टिकवण्याबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

अनुदानित शाळेतला संगीत शिक्षक निवृत्त होतो तेव्हा शाल-श्रीफळ मिळतं, चार भाषणं होतात, मुली रडतात. त्याच्याबरोबर त्याचं पदही जाणार आहे, हे त्या दिवशी कुणी बोलत नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी वर्षानुवर्षं संगीत शिकवलं. माझ्यानंतर ती जागा भरली गेली नाही. वेळापत्रकातला संगीताचा तास आधी विज्ञानाच्या जादा तासाला गेला, मग सराव परीक्षांना. संस्थेवर रागावून उपयोग नाही. संचमान्यतेत, म्हणजे सरकारने शाळेला मंजूर केलेल्या पदांत, पद नसेल तर पगार कुठून द्यायचा, ही त्यांची अडचण खरी आहे. म्हणून हे पत्र संस्थाचालकांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

हाच विषय घेऊन मी मागे एका कार्यालयात गेले होते. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि मनापासून विचारलं, "बाई, मराठवाड्यात संगीत काय कमी आहे? गावोगाव भजनी मंडळं आहेत, सप्ताह आहेत, गोंधळ आहे. ते आणखी शाळेत कशाला शिकवायचं?" प्रश्न चेष्टेचा नव्हता. तो बऱ्याच जणांच्या मनात असतो, म्हणून या पत्राचा मोठा भाग त्याच्या उत्तरातच जाणार आहे.

संगीत कमी नाही, हे अगदी मान्य. देवगिरीला सिंघण यादवाचं राज्य होतं तेव्हा, तेराव्या शतकात, तिथे शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे त्याचे सात अध्याय. हिंदुस्तानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरांतले अभ्यासक आजही या ग्रंथाचा आधार घेतात. हा शार्ङ्गदेव पोटापाण्यासाठी राजाच्या हिशेबखात्यात अधिकारी होता; वित्त विभागाच्या शेऱ्यांशी झगडणाऱ्या तुम्हा मंडळींना हे ऐकून बरं वाटेल. आपल्या शाळांच्या सहली दौलताबादला जातात, मुलं चांदमिनार बघतात, अंधारी बघतात, मेंढा तोफेवर हात फिरवतात. या किल्ल्याच्या आसऱ्याने संगीतावरचा एवढा मोठा ग्रंथ लिहिला गेला, हे त्यांना कुणी सांगत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि त्या ग्रंथाची मांडणीच रागांप्रमाणे केलेली आहे. नांदेडच्या हुजूर साहिबला पेटी-तबल्यावर कीर्तन चालतं ते त्याच ग्रंथातलं. शिवाय पैठणच्या नाथांची भारुडं, खुलताबादच्या उरुसातली कव्वाली, तुळजापूरच्या आराध्यांची गाणी, माळेगावच्या यात्रेतली लावणी, अंबडचा दत्तजयंतीचा संगीत महोत्सव, एप्रिलमध्ये गावोगाव रंगणारी भीमगीतं. मोजायला बसलं तर पान पुरणार नाही.

पण साहेब, यातलं काय कोणत्या लेकराच्या हाताला लागतं, हे कधी पाहिलंय का?

संबळ गोंधळ्याच्या घरी असतो आणि तिथेच राहतो. मृदंग वारकरी घरातल्या मुलाच्या गळ्यात पडतो. तो मुलगा पुढे आळंदीला जातो, जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत नाहीतर तिथल्याच एखाद्या लहान संस्थेत राहतो, आणि पखवाज, पेटी, चाली शिकून गावी येतो. चांगलं शिकून येतो, मी कितीतरी पोरं ऐकली आहेत. त्याच घरातली त्याची बहीण सप्ताहात पंगतीच्या पोळ्या लाटत असते. मुलींसाठी आता काही ठिकाणी सोय झाली आहे, पण आईबाप मुलाला जितक्या सहज आळंदीला सोडतात तितक्या सहज मुलीला सोडत नाहीत. कव्वालीवाल्यांचं घराण्यातच चालतं. शास्त्रीय गाणं शिकायचं तर संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरातला क्लास लावायचा, म्हणजे महिन्याची फी, परीक्षेची फी आणि एस.टी.चं भाडं.

हलगीची गोष्ट तर वेगळीच. ज्या वस्तीत ती होती तिथे ती वाजवणं हा शौक नव्हता, गावकीचं काम होतं. सण असो, मिरवणूक असो, मयत असो, बोलावणं आलं की जायचं, आणि मिळेल ते पदरात घेऊन यायचं. बाबासाहेबांचा विचार पोचला तसं कित्येक घरांनी हे काम ठरवून सोडलं. बरोबरच केलं. आता त्यांच्या नातवंडांना ढोल-ताशाच्या पथकात ताशा वाजवावासा वाटतो, ड्रम वाजवावासा वाटतो, पण घरातली हलगी हातात घ्यायला संकोच वाटतो, आणि त्या संकोचाचं कारण वाद्यात नाही. तेच वाद्य शाळेत सगळ्यांच्या समोर आलं, वर्गातल्या प्रत्येकाने आळीपाळीने वाजवलं, गुरुजींनीही वाजवलं, तर ते गावकीचं राहत नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच. आपल्या गावांत संगीत भरपूर आहे, पण ते घर बघून, जात बघून, मुलगा की मुलगी ते बघून आणि खिसा बघून वाटलेलं आहे. शाळेच्या वर्गात पेटी मधोमध ठेवली की तिच्याभोवती कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं नसतं. गावात अशी दुसरी जागा मला माहीत नाही. ती तुमच्या ताब्यात आहे.

एक प्रसंग सांगते. माझ्या वर्गात एका मुलाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ होता. शाळेत तो कधी बोलायचा नाही. मला कळलं तेव्हा त्याच्या आजोबांना संबळ घेऊन शाळेत बोलावलं. म्हातारबुवा आधी बाकावर बसायलाच तयार नव्हते. वाजवायला लागले आणि वर्ग हलायचा थांबला. नंतर एक मुलगी, चांगल्या खात्यापित्या घरातली, उठून म्हणाली, "आजोबा, मला जमंल का?" त्यांनी काड्या तिच्या हातात दिल्या. तिला काही जमेना. तेव्हा तो नातू पुढे झाला आणि "अशी नाही, अशी धर" म्हणून तिचा हात वळवून दाखवायला लागला. मराठीच्या तासाला तोंड न उघडणारं पोरगं ते. पुढे स्नेहसंमेलनात संबळ त्यानेच वाजवला. त्याचे मराठीचे मार्क काही वाढले नाहीत, हेही सांगून ठेवते.

आणि एक आई. मुलगी तबला शिकते म्हणून शाळेत भांडायला आली होती. "पोरीच्या जातीनं डग्गा बडवावा का, बाई?" मी म्हटलं, विषय आहे, श्रेणी मिळते. बाई गप्प बसल्या आणि घरी गेल्या. मार्कांचं नाव काढलं की आपल्याकडे पुष्कळ गोष्टी चालून जातात! मुलीने घरी तबला मागितला असता तर तिला कुणी आणून दिला नसता. शाळेचा विषय होता म्हणून तिला शिकता आलं.

बायकांच्या गाण्याचं तर आणखीच नवल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या बीड-परभणीकडच्या बायकाही आहेत. गंगाखेड जनाबाईंचं गाव, तेव्हा जात्याचं आणि गाण्याचं नातं आम्हाला कुणी शिकवायला नको. पण पिठाची गिरणी आली, जातं भिंतीला टेकलं, आणि ज्या बायकांना शेकड्याने ओव्या पाठ होत्या त्यांना कुणी कधी गायिका म्हटलं नाही. मी सातवीच्या मुलींना दिवाळीच्या सुट्टीत आजीकडून ओव्या लिहून आणायला सांगायचे. शब्द सगळ्या आणायच्या. चाल आणायची म्हणजे आजीजवळ बसून ऐकावं लागायचं, म्हणून मी मार्क चालीला ठेवले होते.

आता परिपाठाबद्दल. २०२३ पासून आपल्याला राज्यगीत मिळालं आणि शाळांमध्ये राष्ट्रगीताबरोबर तेही म्हणायचं ठरलं. चांगलंच झालं. पण म्हणतं कोण? बहुतेक शाळांत ब्लूटूथ स्पीकर मोबाईलला जोडला जातो आणि मुलं त्याच्या मागून ओरडतात. ध्वनिमुद्रणाची पट्टी मोठ्या माणसांच्या गळ्याची असते, ती तिसरी-चौथीच्या लेकरांना झेपेलच असं नाही. जिथे स्पीकर नाही तिथे जो धीट मुलगा असेल तो येईल त्या पट्टीत सुरुवात करतो. राष्ट्रगीतात शेवटचं 'जय हे' सुरू होतं तेच तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला. पट्टी उंच धरली असेल तर तिथे अर्धी मुलं किंचाळतात आणि उरलेली नुसते ओठ हलवतात. बावन्न सेकंदांचं गीत. पेटीवर एक सूर दाबून पट्टी धरून द्यायला कुणी असेल तर आठवड्याभरात सगळी शाळा नीट म्हणू लागते. हे कौशल्य फार मोठं नाही. पण ते कुणीतरी शिकवावं लागतं, आणि शाळेत ते येणारं माणूस आता उरलेलं नाही.

आपल्या भागात गाणं म्हणणं ही फावल्या वेळेची गोष्ट कधीच नव्हती. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेज आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ इथल्या मुलांना वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी झाली. मुलांनी गाणं सोडलं नाही. त्यांना काढून टाकण्यात आलं, आणि त्यातल्या अनेकांना पुढे नागपूर विद्यापीठाने दारं उघडली. दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात आपण ही हकीकत सांगतो, टाळ्या घेतो, आणि भाषण संपलं की स्पीकर लावतो.

संगीत का शिकवावं, याचं एक उत्तर हल्ली फार चालतं : संगीताने गणित सुधारतं, बुद्धी वाढते. हे उत्तर मला पटत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना मोझार्ट ऐकवून एक छोटा प्रयोग झाला. आकृत्यांच्या एका प्रकारच्या चाचणीत ती मुलं दहा-पंधरा मिनिटांपुरती थोडी बरी ठरली. तेवढ्यावरून जगभर तान्ह्या बाळांना कॅसेटी ऐकवण्याचा बाजार उभा राहिला. एकतालाच्या बारा मात्रा आणि झपतालाच्या दहा मात्रा हाताने मोजणाऱ्या मुलाला दुगुण-चौगुण म्हणजे काय ते पटकन कळतं, हा माझा अनुभव आहे. पण गणितासाठी गणिताचा तास आहे. मराठीचा तास घ्यायला आपण कधी विचारतो का, की त्याने भूमिती सुधारते का?

तीच गत सवलतीच्या गुणांची. दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांसाठी आणि लोककलेसाठी वाढीव गुण मिळतात. त्यामुळे काही मुलं पेटीजवळ आली, हे खरं आहे. पण नववीच्या सुट्टीत एकदम प्रमाणपत्रं गोळा करायची धावपळ सुरू होते, आणि ज्यांना क्लास परवडतो त्यांनाच ते गुण मिळतात. शाळेतच शिकायची सोय नसताना गुण ठेवायचे म्हणजे खेड्यातल्या मुलाच्या वाट्याचे गुण शहरातल्या मुलाला द्यायचे. याकडे खात्याने कधी या नजरेने पाहिल्याचं मला दिसलं नाही.

लातूर पॅटर्नच्या मुलखात राहून मी परीक्षेच्या तयारीला नावं ठेवणार नाही. त्या पॅटर्नने शेतकऱ्यांची मुलं डॉक्टर झाली. नवोदय, शिष्यवृत्ती, नीट, सगळं करा. मी आठवड्याला दोन तासिका मागते आहे, आणि त्याही ज्या वेळापत्रकात आधीच छापलेल्या आहेत. प्राथमिकच्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकात गायन आणि वादन आहे. प्रगतिपुस्तकात कलेची श्रेणी आहे. न शिकवलेल्या विषयाची श्रेणी कशी भरली जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ज्या गुरुजींना दोन वर्ग एकत्र बसवून शिकवावे लागतात आणि वर ऑनलाइन माहिती भरावी लागते, त्यांना यासाठी बोल लावायला माझी जीभ धजत नाही.

कागद तर आपल्याच बाजूने आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि इतर विषय यांत भिंत नको असं म्हटलं आहे. त्याच्याही आधी, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर त्या शाळेला कलेसाठी, आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचा, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. आपल्या जिल्ह्यात अशा पटाच्या शाळा किती, त्यातल्या किती ठिकाणी कलेचा निदेशक आज प्रत्यक्ष येतो, आणि त्यातल्या किती जणांना गाता-वाजवता येतं, एवढी एक यादी प्रत्येक जिल्हा परिषदेने जाहीर करावी. यादी लहान निघेल याची मला खात्री आहे, पण ती समोर तरी येऊ द्या.

ज्या शाळांचा पट शंभराच्या आत आहे, आणि आपल्याकडे त्याच जास्त, त्यांच्यासाठी केंद्राचा, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाचा, विचार करा. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा. केंद्राला एक संगीत निदेशक, आणि त्याचा आठवडा शाळांत वाटून दिलेला. प्रत्येक शाळेत पेटी असायलाच पाहिजे असंही नाही. केंद्रशाळेत एक चांगली पेटी, तबल्याची जोडी आणि टाळांचा संच असला तरी सुरुवात होते. इंटरॅक्टिव्ह पॅनलवर जो खर्च होतो त्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि पेटीला इंटरनेट लागत नाही.

माणसं कुठून आणायची, असा प्रश्न येईल. माणसं गावातच आहेत. आळंदीहून परत आलेले मृदंगाचार्य आहेत, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे आहेत, शाहिरी जलशात पेटी धरणारे आहेत, विशारद होऊन लग्नानंतर घरी बसलेल्या मुली आहेत. शेवटच्यांकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण त्यांची नावं कुणाच्याच यादीत नसतात. निवड करताना प्रमाणपत्र जरूर बघा, पण त्याआधी उमेदवाराला दहा लेकरांसमोर उभं करा आणि एक गाणं बसवून घ्यायला सांगा. अर्ध्या तासात कळतं. निदेशक म्हणून आलेला माणूस शाळेत भजनच शिकवेल, किंवा अमुकच गाणी शिकवेल, अशी भीती काही पालकांना वाटते, आणि ती अनाठायी नाही. तेव्हा वर्षभरात ओवी, भारूड, भीमगीत, कव्वाली, समूहगीत आणि दोन-तीन सोपे राग, असं सगळं वर्गात यायला पाहिजे, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहा. संबळ वाजवणाऱ्या आजोबांना वर्षातून चार वेळा पाहुणे म्हणून बोलवा, आणि त्यांना हारतुऱ्याबरोबर मानधनही द्या.

बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांनी हंगामी वसतिगृहांचाही विचार करावा. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात, मागे राहिलेली लेकरं आजी-आजोबांकडे किंवा या वसतिगृहांत असतात. तिथे जेवण मिळतं, अभ्यास होतो. संध्याकाळ मात्र मोठी असते. सहा ते आठ या वेळात टाळ, खंजिरी आणि एक पेटी तिथे असली आणि आठवड्यातून दोनदा शिकवणारं माणूस आलं, तर मुलं हंगाम संपेपर्यंत टिकतात का, हे एखाद्या तालुक्यात करून बघायला हरकत नसावी. मी राहते त्या भागात अशी सोय होत असेल तर मी स्वतः विनामोबदला यायला तयार आहे; गुडघे दुखतात, पण पेटी बसूनच वाजवायची असते.

शेवटची मागणी सगळ्यांत स्वस्त आहे. सगळ्या शाळांना एक पत्रक काढा : आपल्या शाळेत कोणती वाद्यं आहेत, कुठे ठेवली आहेत, कोणत्या स्थितीत आहेत, आठ दिवसांत कळवा. पूर्वी समूहगानाच्या स्पर्धांसाठी, कधी आमदार निधीतून, कधी माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आलेली वाद्यं कपाटांवर, भांडारात पडून आहेत. उंदरांनी पेटीचा भाता कुरतडलेला असतो, तबल्याची शाई उडालेली असते, पखवाजाची वादी सुटलेली असते. यातलं बरंचसं दुरुस्त होतं आणि दुरुस्ती करणारे कारागीर जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या गावी आहेत. फक्त पत्रक जूनमध्येच निघू द्या. श्रावणात सप्ताह सुरू झाले की भजनी मंडळांच्या पखवाजांची त्यांच्याकडे रांग लागते, आणि शाळेच्या वाद्यांना दिवाळीपर्यंत हात लागत नाही.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
परभणी